बामणघळीची भरती आणि न फिरलेला पंखा

ट्रिपची तारीख मावशीने काढली. आम्ही सगळे रजा, शनिवार-रविवार, बुकिंग मिळतं का असं बघतो, तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिथी बघितली. कारण कोकणात गुहागरजवळच्या हेदवीची बामणघळ. समुद्राकाठच्या काळ्या खडकात एक लांब अरुंद चीर आहे, भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत घुसते आणि पुढे जायला जागा नसते म्हणून सरळ वर उसळते. मावशीने लग्नाआधी कधीतरी बघितलेली आणि गेली चाळीसेक वर्षं ती ते वर्णन आम्हाला ऐकवतेय, दरवेळी पाण्याची उंची थोडी वाढते.

तर तिचा हिशोब असा की तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते. कोकणात जुनी माणसं अजून असंच काढतात. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं, पण पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा ते बाराच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि ते पाणीही इतर दिवसांपेक्षा जास्त चढतं, उधाणाचं. म्हणजे दिवसाउजेडी, जेवायच्या आधी, सगळ्यात मोठी भरती. चैत्री पौर्णिमा शनिवारी येत होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. ठरलं.

माणसं चार. मी (ड्रायव्हर), आई वय 70, मावशी वय 67, आणि भाची चिऊ, जिची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली होती आणि जी घरात बसून सगळ्यांना वात आणत होती. पुरुष एकही नाही, हे मुद्दाम नव्हतं, भावाला सुट्टी मिळाली नाही एवढंच. पण हा मुद्दा दुसऱ्या दिवशी बऱ्याच लोकांनी काढला म्हणून आधीच लिहून ठेवते.

गाडी माझी अकरा वर्षं जुनी हॅचबॅक. निघायच्या आठवडाभर आधी नेहमीच्या गॅरेजात दाखवली. ऑइल, ब्रेक, हवा सगळं ओके. मी सांगितलं की सिग्नलला उभं राहिलं की एसी कोमट हवा टाकतो, गाडी पळायला लागली की परत गार होतो. तर तो म्हणाला गॅस कमी असेल मॅडम, आता भरायचा का ट्रिपवरून आल्यावर? मी म्हटलं आल्यावर. हे वाक्य मला पुढे तीन दिवस आठवत राहणार होतं.

दिवस पहिला, शुक्रवार

सहाला निघायचं होतं, सात वाजले. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, एक डबा लाडू, पाण्याच्या सहा बाटल्या असं सगळं घेतलं. सहा बाटल्या कशाला, वाटेत मिळतं की, असं मी म्हटलं होतं ते मागे घेते.

पुण्यातून बाहेर पडताना नवले पुलाजवळ नेहमीप्रमाणे अडकलो. वीस मिनिटं. एसीतून कोमट हवा. मावशी म्हणाली याला एसी म्हणतात होय, मी म्हटलं गॅस कमी आहे. पुढे कात्रजचा नवीन बोगदा ओलांडून गाडीने वेग घेतला आणि एसी एकदम फर्स्ट क्लास गार. खंबाटकी घाट चढताना मी सवयीने एसी बंद ठेवते, बाबांनी गाडी शिकवताना लावलेली सवय, त्यामुळे तिथेही काही कळलं नाही. सकाळची हवा, घाटात ट्रक कमी, चाळीसच्या स्पीडने वर.

साताऱ्याच्या पुढे उंब्रजला हायवे सोडला आणि मल्हारपेठ करत पाटणला आलो. कराडपर्यंत जायची गरज नाही, हा रस्ता बरा आहे. पाटणनंतर कोयना नदी सोबतीला येते आणि मावशी गप्प झाली. ती गप्प झाली की आम्हाला काळजी वाटते. कोयनानगरला थांबलो, नेहरू उद्यानातून धरण दिसतं, 103 मीटर उंच, पोटात 105 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, एप्रिलमध्ये अर्थातच तेवढं नव्हतं आणि काठाची लाल माती उघडी पडलेली. तिथे बाकावर बसून मावशीने 1967 चा भूकंप सांगितला. 11 डिसेंबर, पहाटेचे सव्वाचार होऊन गेलेले. त्या दोघी तेव्हा कराडात राहायच्या, मावशी नऊ वर्षांची. फडताळातली पितळी भांडी एकामागोमाग एक खाली यायला लागली आणि आजीने पोरांना उचलून अंगणात टाकलं, अक्षरशः टाकलं, मावशीच्या कोपराला अजून खूण आहे. नंतर कित्येक दिवस थंडीत अंगणातच झोपायचे. आई म्हणाली, तुला भांडी आठवतात, मला आठवतं की तू त्या गोंधळात बाहुली आणायला परत आत पळालीस. मावशी म्हणाली साफ खोटं. हे भांडण घाट उतरेपर्यंत चाललं.

कुंभार्ली घाट उतरताना मजा येते, एकदम हवा बदलते, जड आणि दमट होते, आणि झाडंही बदलतात. उताराला इंजिनला काही कामच नसतं, त्यामुळे गाडी खूश. चिपळूणच्या बाजारात मात्र दुपारी दीडच्या उन्हात एका टेम्पोमागे दहा मिनिटं अडकलो, एसी परत कोमट, आणि तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की टेंपरेचरचा काटा नेहमी जिथे असतो त्याच्या जरा वर आहे. टेम्पो हलला, आम्ही सुटलो, काटा खाली आला. मी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, बघून न बघितल्यासारखं केलं.

मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत चारला गुहागर. मुक्काम गावाच्या वरच्या पाटात, म्हणजे वरच्या भागात, एका घरगुती ठिकाणी, मागच्या दाराने वाडीतून गेलं की थेट समुद्र. संध्याकाळी व्याडेश्वराचं देऊळ आणि मग सुरूच्या झाडांखालून किनाऱ्यावर. गुहागरच्या किनाऱ्याबद्दल सगळे एवढं लिहितात की मी काही लिहीत नाही, चांगला आहे, लांबच लांब आहे. चिऊने चंद्राचा फोटो काढला, फोटोत तो बल्बसारखा आला.

रात्री जेवताना उद्याचा प्लॅन पक्का केला. पावणेआठला निघायचं, वेळणेश्वर, तिथून हेदवीचं दशभुज गणपतीचं देऊळ, अकराला बामणघळीवर हजर. मग हेदवीत एका ठिकाणी उकडीच्या मोदकाचं जेवण सांगून ठेवलेलं. मग तवसाळच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत, पलीकडे जयगड, आणि मुक्काम गणपतीपुळे, त्याचे पैसे आधीच भरलेले. चिऊला गाडी बोटीत चढवायची यातच सगळा इंटरेस्ट होता. तिने वहीत वेळापत्रक लिहिलं, मिनिटांसकट.

दिवस दुसरा, शनिवार, पौर्णिमा

हा दिवस सविस्तर लिहिणार आहे.

पावणेआठला खरंच निघालो. हनुमान जयंती होती, त्यात शनिवार, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक वाडीत स्पीकर, पताका, मारुतीपुढे रांगा. पालशेत, अडूर करत रस्ता जातो, म्हणजे कसा जातो तर खाडीपाशी खाली, परत सड्यावर (म्हणजे वरच्या खडकाळ माळावर), परत खाली, परत वर. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर फार जात नाही. ऊन सकाळी आठलाच चटका देणारं म्हणून एसी चालू. आदल्या दिवशी हायवेवर जे झाकलं गेलं ते इथे उघडं पडणार होतं, पण मला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता.

वेळणेश्वर छान झालं. देऊळ, माड, किनाऱ्यावर माणूस नाही. साडेनऊला निघालो. वेळणेश्वर अगदी खाली समुद्राला लागून आहे, तिथून वर सड्यावर यायला खडा चढ. चढाला आमच्या पुढे जांभ्याच्या चिऱ्यांनी, म्हणजे बांधकामाच्या तांबड्या दगडांनी, भरलेला ट्रक. रस्ता अरुंद, ओव्हरटेक नाही. ट्रक पायी चालणाऱ्याच्या वेगाने, मी त्याच्यामागे पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच, एसी चालू. हवा कोमट झाली. मग गरम झाली. मग चिऊ म्हणाली आत्या कसला तरी गोड वास येतोय. तो उकळलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, वास होता हे आता माहिती आहे. मी काट्याकडे बघितलं, काटा लाल पट्टीच्या पार टोकाला टेकलेला. चढ संपत आला होता म्हणून मी आणखी शंभरेक मीटर रेटली, हीच ती दुसरी चूक, आणि वर पोचून बाजूला घेतली तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

नऊ बावन्न. चिऊने वेळ वहीत लिहिली.

सड्यावर सावली नावाला नाही. जांभा, वाळलेलं गवत, लांब कुठेतरी एक आंब्याचं झाड, आणि समोर खाली समुद्र, छान भरत चाललेला. हेदवी तिथून सहा-सात किलोमीटर.

बॉनेट उघडलं. मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण काढायला गेले तर मावशी ओरडली, "कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण काढतेस का घरी? मग इथे कशाला?" तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्या दिवशी माझा हात वाचला तो कुकरमुळे. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल केलं की ते उकळून तोंडावर येतं. मग नुसतं बघत बसलो. रिझर्व्ह टाकी रिकामी, खाली जमिनीवर हिरवट ओघळ.

इन्शुरन्सबरोबर येते ती रस्त्यावरच्या मदतीची सेवा, त्यांना फोन लावला. नेटवर्कची एक काडी, ती सुद्धा रस्त्याच्या एका ठराविक दगडावर उभं राहिलं तर. चिऊला त्या दगडावर उभं केलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली लोकेशन शेअर करा. इंटरनेट नाही. मग लँडमार्क सांगा. चिऊ म्हणाली एक आंब्याचं झाड आहे. शेवटी समजलं की उचलून न्यायची गाडी चिपळूणहून येईल, तीन ते चार तास, आणि नेणार ती चिपळूणलाच.

तोवर लोक थांबायला लागले. कोकणात माणूस थांबतो हे खरं, पण सल्लाही देतो. पहिला म्हणाला हेड गॅसकेट गेला, इंजिन उतरवावं लागेल, चाळीस हजार धरून चाला. दुसरा म्हणाला वॉटर पंप. तिसरा म्हणाला थोडी थंड करा नि हळूहळू जावा, काय होत नाही. चौथा काही म्हणाला नाही, त्याने वाकून गाडीखाली बघितलं आणि विचारलं, सोबत पुरुषमाणूस कोण नाय? आई म्हणाली, असता तर तो काय रेडिएटरमध्ये बसला असता? तो बिचारा निघून गेला. पण पाचवा आला तो मोटरसायकलवाला कामाचा निघाला. त्याने कुणाला तरी फोन केला (त्याच दगडावरून), आबलोलीच्या बाजूला मिस्त्री आहे, चांगला आहे, पण आज हनुमान जयंती, तो देवळात, महाप्रसादाचं वाढप त्याच्याकडे आहे, पंगती उठल्या की येतो म्हणाला. किती वाजता? येतो म्हणाला. एवढंच.

तो मोटरसायकलवाला जाता जाता म्हणाला उन्हात बसू नका, ते बघा तिथे घर आहे, त्या काकी बसू देतील. चिपळूणची गाडी तात्पुरती नको सांगितली, आणि आई नि मावशीला तिथे पोचवलं. मी आणि चिऊ येऊन जाऊन.

त्या घराच्या अंगणात काजू वाळत घातलेले आणि पडवीत एक काकी काजूबी निवडत बसलेल्या. बोंडांचा तो आंबूस-गोड वास सगळीकडे. "बसा, पानी घ्या," एवढं बोलून त्या परत कामाला लागल्या, उगाच गळ्यात पडणं वगैरे काही नाही. त्यांच्याकडेही सणाची गडबड होती, नातू दोनदा येऊन नारळ घेऊन गेला. आईला रिकामं बसवत नाही, ती पाच मिनिटांत सूप ओढून काजूबी निवडायला बसली. मग दोघी बोलायला लागल्या. विषय गुडघे.

मावशी मात्र पडवीच्या टोकाला जाऊन उभी. तिथून समुद्राची एक पट्टी दिसत होती. सव्वाअकरा वाजले तेव्हा तिने घड्याळ बघितलं आणि काही बोलली नाही. साडेअकरा. पावणेबारा. बाराला म्हणाली, "आता भरलं असेल." मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच गाडीकडे चालत गेले आणि परत आले.

रिक्षा करून जाता आलं नसतं का? विचारलं होतं. मोटरसायकलवाल्याने ज्याचा नंबर दिला तो रिक्षावाला पालखीत होता. दुसऱ्याचा लागला नाही. एकदा तर चिऊ म्हणाली मी मावशीआजीला चालत नेते, सात किलोमीटर, त्या उन्हात. आईने नुसतं तिच्याकडे बघितलं.

मोदकांच्या जेवणाला फोन करून नाही सांगितलं, त्या बाई म्हणाल्या एकवीस मोदक केलेत हो. त्याचं काय उत्तर देणार. पैसे पाठवते म्हटलं तर नको म्हणाल्या, मग आणखी लाजायला झालं. आम्ही दशम्या खाल्ल्या. काकींनी कैरी घातलेलं आंबटगोड वरण आणि भात आणून ठेवला, तेवढा मात्र तुटून पडून खाल्ला. निघताना आईने दोन किलो काजूगर घेतले, घासाघीस न करता, कशी करणार. ते चिपळूणच्या बाजारभावापेक्षा महाग पडले हे नंतर कळलं. काकी पक्क्या.

दीडनंतर मिस्त्री आला. कपाळाला शेंदूर, शर्टावर वरणाचा डाग, मागे एक पोरगा, मध्ये टूलकिट. वय असेल पन्नाशीचं. काही न विचारता आधी रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला, गार झालंय बघितलं, उघडलं, आत बॅटरी मारली. मग ऑइलची डिपस्टिक काढून बोटाने चोळली, ऑइलचं झाकण उघडून आत बघितलं. "गॅसकेट बरा हाय. पानी ऑइलात गेला असता तर हितं दुधासारखा फेस दिसला असता." माझे चाळीस हजार त्या एका वाक्यात परत आले.

आईच्या त्या सहा बाटल्या, त्यातल्या साडेतीन रेडिएटरमध्ये गेल्या. कुठे गळत नव्हतं. गाडी चालू केली. मिस्त्रीने मला पुढे उभं केलं आणि म्हणाला पंख्याकडं बघत ऱ्हावा. काटा चढत गेला, निम्म्यावर आला, वर गेला. पंखा ढिम्म. "एसी लावा." एसी लावला की पंखा फिरायलाच पाहिजे असतो. ढिम्म.

"एसी ट्राफिकात गार करत नव्हता ना?"

नव्हता, मी म्हटलं.

"आनि गाडी पळाली की गार करायचा?"

हो.

"मंग तितंच कळायला पायजे होता."

आणि मग त्याने समजावलं, एवढं नीट मला आजवर कुणी समजावलं नव्हतं. रेडिएटरच्या पुढे एसीची जाळी असते, दोघांना गार करायला एकच पंखा. गाडी साठ-सत्तरने पळते तेव्हा समोरून वाराच एवढा येतो की पंख्याची गरज लागत नाही. उभी राहिली किंवा चढाला रांगायला लागली की वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद असेल तर आधी एसी कोमट होतो आणि मग इंजिन तापतं. म्हणजे माझी गाडी पुण्यापासून सांगत होती. नवले पुलावर सांगितलं, चिपळूणच्या बाजारात सांगितलं, त्याआधी महिनाभर प्रत्येक सिग्नलला सांगितलं, आणि मी आणि गॅरेजवाला दोघं मिळून गॅस गॅस करत बसलो. गॅस कमी असता तर पळत्या गाडीतही एवढा गार झाला नसता ना. साधं आहे. पण साधं आहे हे सड्यावर चार तास बसल्यावर कळतं.

फ्यूज चांगला होता. पंख्याचा रिले (त्याला वीज सोडणारा छोटा स्विच) काढून हॉर्नचा रिले तिथे लावून बघितला, नाही. मग पंख्याच्या वायरचा कपलर, म्हणजे जोड, सोडवला तर आत काळा, वितळलेला. त्याने मोटरला थेट बॅटरीवरून दोन वायरी लावल्या आणि पंखा घुर्र करून फिरला. चिऊने टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने मला रडू यायचं बाकी होतं. मग रीतसर नवीन रिले, नवीन फ्यूज, जाड वायर, आणि आत स्टिअरिंगखाली एक फॉगलॅम्पचा स्विच. "डायरेक केला. गाडी चालू केली की हा लावायचा, बंद केली की आठवनीनं बंद करायचा, नायतर बॅटरी उतरंल. पुन्याला जाऊन कपलर बदला. एसी लावू नका." बाराशे रुपये सांगितले. सणाच्या दिवशी, पंगत सोडून आलेला माणूस. मी जास्त देत होते, त्याने शंभर परत केले की काय अशी गोष्ट तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही, त्याने घेतले.

तीन वाजून गेलेले. आता काय? मी विचारलं तवसाळला जाऊ का, बोटीतून पलीकडे. मिस्त्री म्हणाला जायाल हो, पन पलीकडं काय झाला तर मी नाय. गणपतीपुळ्याच्या लॉजला फोन केला, ते म्हणाले पैसे परत मिळणार नाहीत, हवं तर पुढच्या वेळी अॅडजस्ट करू, त्याच्यावर मी फार बोलले नाही, नियम म्हणजे नियम. गुहागरच्या घरी विचारलं, खोली रिकामी होती. चिऊने वहीतली फेरीबोट खोडली. दोनदा.

पण हेदवीला गेलोच. एसी बंद, काचा खाली, पंखा घुर्र. देवळात आता गर्दी ओसरलेली, पांढऱ्या संगमरवराची दहा हातांची मूर्ती, मांडीवर लक्ष्मी, चार वाजताच्या तिरप्या उजेडात. आई तिथे बराच वेळ बसली. मग गावातून किनाऱ्यावर, उमा-महेश्वराच्या देवळापाशी गाडी लावली आणि खडकांवरून चालत बामणघळीकडे. मावशीचा एक हात मी धरला, एक चिऊने.

पाच वाजले होते. पौर्णिमेची भरती जेवढी मोठी तेवढीच ओहोटीही खोल. पाणी पार लांब गेलेलं. घळ म्हणजे खडकातली एक भेग, खाली वाकून बघितलं तर तळाला थोडं पाणी, शेवाळ, दोन खेकडे, आणि एक निळी चप्पल.

मावशी बराच वेळ बघत राहिली. पूर्वी कोणी बामण यात पडला म्हणून बामणघळ असं सांगतात. मला भीती की आता ही नाराज होणार. तर ती म्हणाली, "अगं, ही एवढीशीच आहे." मग परत वाकून बघितलं. "पाणी असताना हिच्या आत काय आहे ते कुठे दिसतं." आणि खेकडा बघायला खाली बसली, आणि बसलेली परत उठवायला आम्हाला दोघींना लागलं.

दिवस तिसरा, रविवार

प्रतिपदा. भरती साडेबाराच्या सुमाराला. म्हणजे थांबलो असतो तर मिळाली असती, हे मावशीने रात्रीच बोटांवर मोजलं होतं. पण मला कुंभार्ली घाट उन्हाच्या आधी चढायचा होता. उतरताना लाडका वाटलेला घाट आता चढायचा, डायरेक्ट केलेल्या पंख्यावर, मागे दोन म्हाताऱ्या (असं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही). रात्री मी झोपले कमी आणि घाटाची वळणं जास्त मोजली. मावशीला विचारलं थांबायचं का. ती म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून कोण थांबेल. चल."

पाचला निघालो. चंद्र अजून होता. चिपळूण झोपेत, बाजार ओलांडायला चार मिनिटं लागली. अलोरे, पोफळी आणि घाट सुरू. मिस्त्रीने जाताना आणखी एक युक्ती सांगितलेली, काटा वर जायला लागला तर हीटर फुल करा, इंजिनाची उष्णता तेवढीच आत येऊन कमी होते. काटा वर जात नव्हता, पण मी घाबरून आधीच लावला. एप्रिलचा महिना, कोकणातली हवा, आणि पायावर गरम वाऱ्याचा झोत. काचा चारी खाली. आई पदराने वारा घालतेय, चिऊ काट्याची कॉमेंट्री करतेय, निम्म्यावर, निम्म्यावर, निम्म्यावरच आहे आत्या, आणि मावशी म्हणतेय लोक यासाठी पैसे देतात, स्टीम बाथ म्हणतात त्याला. ट्रक दिसला की मी जागा बघून थांबायची, त्याला पुढे जाऊ द्यायची, चिऱ्यांच्या ट्रकाने एवढं शिकवलेलं.

घाटमाथ्यावर पोचलो आणि वारा लागला, गार. हेळवाकला चहा घेतला, प्रत्येकी दोन. मी गाडी बंद केली, स्विच बंद करायला विसरले, चहावाल्याने सांगितलं ताई गाडीतून आवाज येतोय.

पुढचं काही विशेष नाही. पाटण, उंब्रज, हायवे. हायवेवर पंखा नसता तरी चाललं असतं हे आता माहीत होतं, तरी स्विच चालू ठेवला. साताऱ्याच्या पुढे एका ठिकाणी पाऊण तास जेवायला. रविवारची परतीची गर्दी नुकती सुरू होत होती. खंबाटकीच्या बोगद्यात, पुण्याकडे येताना बोगदा लागतो, शिरायच्या जरा आधी चिऊने घड्याळ बघितलं. साडेबाराला पाच कमी.

"मावशीआजी, आत्ता."

मावशी काजूगराच्या पिशवीला टेकून झोपली होती. आई म्हणाली उठवू नको. मग गाडी बोगद्यात शिरली, काचा उघड्याच होत्या, सगळ्या ट्रकांचा आणि आमच्या पंख्याचा आवाज मिळून केवढा तरी मोठा झाला, आणि मावशी डोळे न उघडता म्हणाली, "झोपले नाहीये मी. उडलं का पाणी?"

चिऊ म्हणाली, उडलं.